एकशे तीस बाय ऐंशी

९ डिसेंबर

आजपासून ही वही. नाशिकच्या प्रशिक्षणात डॉ. गौरांग म्हणाले, नवं ईसीजी यंत्र घेऊन जाताय, तर रोज काय अडलं ते दोन ओळी लिहून ठेवा. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ते चहाला गेले. मी चहा सोडून दोनशे पानी वही घेऊन आलो. वय त्रेपन्न, नोकरीची अठ्ठावीस वर्षं झाली, पण कुणी शिकवायला उभं राहिलं की मी अजून पहिल्या बाकावर जाऊन बसतो.

डॉ. गौरांग माझ्या निम्म्या वयाचे वाटतात. इथून पुढे मी काढलेला प्रत्येक आलेख मोबाइलवरून त्यांच्याकडे जाणार आणि ते नाशिकमध्ये बसून वाचणार. आमचे स्वतःचे डॉक्टर दोन केंद्रं सांभाळतात, ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. उरलेल्या दिवशी हरसूलच्या रस्त्यावरच्या या आरोग्य केंद्रात सुया, पट्ट्या, बीपी आणि आता ईसीजी म्हणजे मी, चिंतामण ब्रदर. आणि झाडू, फरशी, केसपेपर, रांग, रांगेतली भांडणं म्हणजे भागीबाई. शनिवारी संध्याकाळी मी इंदिरानगरला घरी जातो. बाकी मुक्काम केंद्रामागच्या टेकाडावर, क्वार्टरमध्ये.

१२ डिसेंबर

तालुक्याहून तपासणीला बाई आल्या होत्या. रजिस्टर उघडलं, पेन्सिलीनं मोजत बसल्या आणि म्हणाल्या, ब्रदर, साठ पेशंटपैकी एकेचाळीस जणांचं बीपी एकशे तीस बाय ऐंशी आहे. मी म्हटलं, मॅडम, हवा चांगली आहे इकडची. त्या हसल्या नाहीत.

खरं सांगायचं तर मी खोटं लिहीत नाही. पट्टा बांधतो, स्टेथोस्कोप कानाला लावतो, ठोके ऐकतो. पण काटा कुठेही असो, माझे डोळे आधीच जवळच्या शून्यावर जाऊन बसलेले असतात. एकशे सव्वीस म्हणजे एकशे तीसच की. एकशे चौतीस म्हणजेही एकशे तीसच. माणसाला उगाच चार आकड्यांसाठी कशाला घाबरवायचं? बाईंनी कपाटातलं डिजिटल यंत्र बाहेर काढायला लावलं. त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा मी काढलं नव्हतं. ते यंत्र एकशे सदतीस बाय एक्क्याऐंशी असलं काहीतरी दाखवतं. बाई गेल्यावर मी ते परत कपाटात ठेवलं.

कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा तक्ताही मागितला होता. भागीबाईचं बीपी मोजलं. माझ्या नावापुढे एकशे तीस बाय ऐंशी लिहिलं. स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायला तिसरा हात लागतो.

१६ डिसेंबर

आज ईसीजीचा मुहूर्त, आणि मुहूर्तालाच माशी शिंकली. सखुबाई नावाची पासष्टीची बाई छातीत धडधडतं म्हणून आली. झोपवलं, वायरी काढल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की वायरींच्या टोकांचे सहा रबरी फुगे छातीवर लावायचे आहेत आणि मी पुरुष आहे. सखुबाईच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं. ती उठून बसली आणि पदर घट्ट धरून म्हणाली, धडधड थांबली.

शेवटी पडदा ओढला. आत भागीबाई, बाहेर मी. मी सांगायचं, तिनं लावायचं. लाल उजव्या मनगटाला, पिवळी डाव्या, पहिला फुगा छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे, चौथ्या फटीत. आमच्या घरात सगळे पौरोहित्य करणारे, थोरला भाऊ शौनक अजून त्र्यंबकला यजमानांना संकल्प सांगतो. मी नर्सिंगला गेलो तेव्हा वडील चार दिवस बोलले नव्हते. आज पडद्याआडून उजवं-डावं सांगताना वाटलं, ते असते तर म्हणाले असते, शेवटी तेच केलंस ना.

आमच्या यंत्राच्या वायरींचे रंग मात्र पुसट आहेत आणि अक्षरं इंग्रजी. म्हणून मी संध्याकाळी चिकटपट्टीचे तुकडे कापले, त्यांवर मराठीत ठळक लिहिलं, उजवा हात, डावा हात, उजवा पाय, डावा पाय, आणि एकेका वायरीला चिकटवले. भागीबाई सातवी पास आहे, वाचते चांगलं. स्वतःवर खूश होऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. त्याचंच बहुतेक, रात्रभर छातीशी जळजळलं.

१९ डिसेंबर

डॉ. गौरांग यांचा फोन. दोन दिवसांत पाठवलेले पाचही आलेख उलटे आहेत, दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे, सगळे पुन्हा काढा. मी भागीबाईला रांगेसमोर बोललो. म्हटलं, उजवा-डावा कळत नाही का तुला, इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. ती खाली बघून एवढंच म्हणाली, "मी तुमच्या चिठ्ठीपरमानंच लावलं, ब्रदर."

दुपारी केंद्र रिकामं झाल्यावर यंत्राशी बसलो. चिठ्ठ्या मीच उलट चिकटवल्या होत्या. हातांच्या दोन्ही.

नव्या चिठ्ठ्या लिहून लावल्या, जुन्या चोळामोळा करून टाकल्या. डॉक्टरांना मेसेज केला, अटेंडंटची चूक होती, समज दिली आहे. भागीबाईला काही बोललो नाही. बोलणार होतो, पण ती फरशी पुसत होती आणि ओल्या फरशीवरून कशाला जायचं, असं म्हणून राहिलो. एवढं मोठं कारण मला लगेच सुचलं याचं कौतुक वाटतं.

२ जानेवारी

नवं वर्ष. भागीबाईचा हात आता चांगला बसलाय हे कबूल करायला हवं. आलेख सरळ येतात. बायका मला दारातच विचारतात, ती बाई हाय का, मगच चप्पल काढतात.

क्वार्टरच्या टेकाडाला साठेक पायऱ्या आहेत. मधल्या नळापाशी हल्ली जरा थांबतो. तिथून खालचा रस्ता छान दिसतो. पूर्वी कधी लक्ष गेलं नव्हतं. निसर्गाची आवड या वयातच येते म्हणतात.

बायकोनं, अनसूयेनं, फोनवर विचारलं, आवाज असा का, बीपी बघितलंत का? म्हटलं, एकशे तीस बाय ऐंशी.

८ जानेवारी

आज बाजाराचा दिवस. गर्दी भरपूर, पण ईसीजीला पुरुष कोणी तयार होईना. पुंजाराम म्हणून एक म्हातारा आहे, छातीत कळ येते म्हणतो, पण त्यानं अख्ख्या बाजारात सांगितलंय की ते यंत्र करंट सोडतं आणि अंगातली ताकद कागदावर ओढून घेतं. मग मीच सदरा काढला. म्हटलं, बघा रे, मी झोपतो.

वीस-पंचवीस माणसं दारात उभी. माझं पोट छताकडे. भागीबाईनं वायरी लावायला घेतल्या तर जानवं दुसऱ्या फुग्यात ओढलं गेलं आणि सुटेना. लोक हसून हसून खाली बसले. पुंजाराम पुढे येऊन वाकून बघत होता, मी जिवंत आहे का ते. शेवटी आलेख निघाला. मी उठून त्याला दाखवला, बघा, ताकद इथे आणि मी इथे. पुंजाराम लगेच झोपला. त्याचा स्वच्छ निघाला. कळ गॅसची होती.

माझा आलेख मात्र बिघडला. छातीच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फुग्याच्या रेघांत शेवटची लाट वर जायची ती खाली गेली आहे, तिन्हीकडे. उलटं दिसलं म्हणजे वायर उलटी, एवढं मी मागच्या महिन्यात शिकलो आहे. जानव्याच्या गोंधळात तिनं फुगे कुठेतरी भलतीकडे लावले असणार. आलेखाची पट्टी या वहीत खूण म्हणून ठेवली आहे. बऱ्या कागदाची आहे.

९ जानेवारी

यंत्र आलेख आपोआप पाठवतं हे विसरलोच. सकाळी डॉ. गौरांग यांचा फोन, आवाज घाईचा. कालचा त्रेपन्न वर्षांचा पुरुष कोण? छातीत दुखतंय का त्याला? मी हसलो. म्हटलं, डॉक्टर, तो पेशंट नाही, मी आहे, लोकांची भीती घालवायला झोपलो होतो. आमच्या अटेंडंटनं फुगे चुकवले, मागच्या वेळेसारखंच. ते मग म्हणाले, "नक्की ना, ब्रदर? तरी आज पुन्हा काढून पाठवा."

आज रांग मोठी होती. उद्या काढू.

१५ जानेवारी

नाशिकहून अर्ज आला आहे. प्रत्येक केंद्रातून एका महिला मदतनिसाला ईसीजीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. पास झाली की झाडू सुटतो, नेमणूक यंत्रावर होते, कंत्राट दर अकरा महिन्यांनी थरथरत नाही. भागीबाईला हे माझ्या आधी कळलं होतं. बारा वर्षं ती इथली फरशी पुसते आहे. तिनं विचारलं नाही, पण आज माझ्या टेबलावर न मागता दोनदा पाणी आणून ठेवलं.

मी अर्ज समोर घेऊन बसलो. नाव लिहिलं तर डॉ. गौरांग म्हणणार, जिच्या दोन चुका तुम्हीच मला कळवल्या तिचीच शिफारस? मग मला चिठ्ठ्यांचं सांगावं लागणार. अर्ध्या तासानं लिहिलं, सध्या योग्य व्यक्ती उपलब्ध नाही. सही केली. सही छान आली.

पाणी प्यायलो नाही. दिवसभर ते भांडं टेबलावर तसंच होतं.

२० जानेवारी

डावा जबडा दुखतोय. दाढ असणार. चालताना दुखते, बसलो की राहते, अशी विचित्र दाढ आहे. घरी अनसूया म्हणाली, दाताला चालण्याशी काय करायचंय? म्हटलं, नर्सिंग तू केलंयस की मी? शनिवारची दंतवैद्याची वेळ घेतली आहे.

पित्ताची बाटली संपली, दुसरी आणली.

२२ जानेवारी

दुपारी पावणेदोन. पेशंट कोणी नाही. भागीबाई झाडू कोपऱ्यात ठेवून टेबलापाशी आली. म्हणाली, यंत्र धा मिंटं द्या. मी कारण विचारलं. ती म्हणाली, तुम्ही पायऱ्या चढताना आधी एकदा थांबत हुते, आता तीनदा थांबता, मी खालून बघते. मी म्हटलं, गुडघे. ती गेली पडद्याआड, स्वतःला वायरी लावल्या आणि आतून म्हणाली, बटन दाबा.

आलेख निघाला. स्वच्छ, सगळ्या लाटा वर. पुस्तकात छापावा असा.

मग तिनं मला झोपवलं. मी नको म्हणेपर्यंत बाही वर गेली होती. या वेळी जानवं तिनं आधी बाजूला सरकवलं. पट्टी बाहेर आली, तिनं ती स्वतःच्या पट्टीशेजारी टेबलावर ठेवली आणि दोन्हीवर हात ठेवला. "माझा सरळ, तुमचा उलटा. यंत्र तेच, वायरी त्याच, लावणारी मीच. मंग उलटं काय हाय, ब्रदर?"

वहीतून आठ तारखेची पट्टी काढली. तेच. आता जास्त खोल.

डॉक्टरांना फोन लावला आहे. भागीबाई कपाटातून गोळ्यांचं पाकीट

२७ जानेवारी

नाशिक, हॉस्पिटल, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. पाच दिवस वही नव्हती, अनसूयेनं आज आणून दिली.

डॉ. गौरांग यांनी फोनवर गोळ्या चावायला सांगितल्या आणि रुग्णवाहिका बोलावली. मी पायी गाडीपर्यंत जातो म्हणालो तर भागीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. स्ट्रेचर आणलं. मी त्या दारातून किती लोकांना स्ट्रेचरवर घातलंय, पण आमच्या व्हरांड्याचं छत एवढं गळकं आहे हे तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. गाडीत भागीबाई शेजारी बसल्या होत्या. घाटात मी त्यांचा हात धरला होता. लिहायला लाज वाटते, पण मी खूप घाबरलो होतो आणि सोडला नाही.

हृदयाच्या समोरच्या भागाला रक्त देणारी मोठी नळी पंच्याण्णव टक्के बंद होती. स्टेंट बसवला. डॉक्टरांनाही पाचाच्या पटीत बोलायची सवय असते हे पाहून जरा बरं वाटलं. दाढ अर्थातच ठणठणीत आहे.

 तिसऱ्या दिवशी अनसूया म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं लोकांची बीपी बघताय. स्वतःचं शेवटचं कधी बघितलंत?" मी आठवायला लागलो. तिनं वाट पाहिली. मला आठवलं नाही. मग ती रडली, आणि मीही. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं भिंतीकडे तोंड केलं.

३० जानेवारी

डॉ. गौरांग स्वतः भेटायला आले. हडकुळे आहेत, पायात स्पोर्ट्स शूज. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, नऊ तारखेला मी आग्रह धरायला हवा होता. दोन आठवडे तुम्ही नुसत्या नशिबावर काढलेत. मला वाटलं, अटेंडंटची चूक असेल, आधीही झाली होती.

त्यांचा चेहरा पाहवेना. तेव्हा सांगितलं. चिठ्ठ्या मी लिहिल्या, मी उलट चिकटवल्या, मी बदलल्या, आणि नाव भागीबाईंचं सांगितलं. त्या बाईच्या हातून आजवर एकही फुगा चुकलेला नाही. अर्जात योग्य व्यक्ती उपलब्ध नाही असं मी लिहिलं, तेही सांगितलं. म्हणजे मला वाचवणारी व्यक्ती उपलब्ध नव्हती, आणि हे माझ्याच सहीनं.

 मग त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या पुढ्यात धरलं आणि म्हणाले, यादी अजून गेलेली नाही, दुरुस्तीचं पत्र द्या. हातात सलाइनची सुई होती, त्यामुळे या वेळी सही वाकडी आली.

भागीबाईंना मात्र अजून काही सांगितलेलं नाही. त्या परवा येऊन गेल्या, डब्यात नागलीच्या भाकरी आणि बिनमिठाची भाजी घेऊन. मी केंद्रातल्या रांगेबद्दल विचारलं, त्यांनी रांगेबद्दल सांगितलं.

२४ फेब्रुवारी

आज रुजू झालो. हलकं काम, पायऱ्या नाहीत, खालच्या खोलीत मुक्काम. भागीबाईंचं प्रशिक्षण गेल्या आठवड्यात झालं. पडद्याआड आता त्यांना कुणी सांगायला लागत नाही. सखुबाई आली होती, मला ओलांडून सरळ आत गेली.

दुपारी भागीबाईंनी डिजिटल यंत्र काढलं. प्लॅस्टिक त्यांनीच केव्हातरी काढलेलं दिसलं. म्हणाल्या, बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीला, बाही वर. मीच वर्षानुवर्षं पेशंटना म्हणतो ते सगळं, आणि बहुतेकदा बाहीवरूनच पट्टा बांधतो ते. यंत्र गुरगुरायला लागलं, पट्टा दंडाला आवळत गेला, आणि तेवढ्यात मी बोललो. चिठ्ठ्यांचं. रांगेसमोर तुम्हाला बोललो त्याचं. डॉक्टरांना केलेल्या मेसेजचं. अर्जाचं. सगळं एका दमात, कारण दुसरा दम घेतला असता तर मी पुन्हा फरशी ओली आहे का ते बघितलं असतं. शेवटी म्हणालो, चुकलो मी, भागीबाई.

यंत्र थांबलं. एकशे एक्कावन्न बाय चौऱ्याण्णव.

त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. "हे धरायचं नाय. मोजताना बोललात तुम्ही." पट्टा सैल केला. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "चिठ्ठ्यांचं मला त्याच दिशी कळलं हुतं. झाडताना जुन्या चिठ्ठ्या घावल्या. माझ्या डब्यात हायेत."

मी विचारलं, मग दोन महिने बोलला का नाहीत?

"आता पाच मिंटं गप बसायचं," त्या म्हणाल्या. "मंग परत मोजू."

पाच मिनिटं खूप मोठी असतात. पेशंटना मी ती कधीच पूर्ण बसवलेली नाहीत. बाहेर कोणीतरी केसपेपर मागत होतं, भागीबाई जागच्या हलल्या नाहीत, घड्याळ बघत उभ्या होत्या. मग पट्टा पुन्हा आवळला. या वेळी मी तोंड मिटून बसलो.

एकशे सदतीस बाय चौऱ्याऐंशी. मी सवयीनं म्हणणार होतो की एकशे चाळीस लिहून टाका, पण त्यांनी तोवर लिहिलंही होतं. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात, माझ्या जुन्या एकशे तीस बाय ऐंशीच्या खाली, त्यांच्या सातवीच्या वळणदार अक्षरात, जे दिसलं ते.